टायरचा काळा रंग आणि त्यावरचे पॉलिश

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, महाराष्ट्रात हत्यारे आणि अवजारे यांच्याबरोबर वाहनेही धुऊन-पुसून पूजेला ठेवण्याची चाल आहे. कर्नाटकात आणि तमिळनाडूत याच सुमारास आयुधपूजा होते. बंगाल, ओडिशा आणि बिहारमध्ये सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा येते. प्रांत कोणताही असो, त्या सकाळी मोटारीच्या मालकाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम टप, मग दरवाजे, मग काचा आणि सर्वांत शेवटी चाके. गाडी लखलखीत झालेली असते. पण धुतलेले टायर वाळू लागले, की ते करडे आणि कडेकडेने तपकिरी दिसू लागतात. शेजारच्या चकचकीत पत्र्यामुळे ही कळा अधिकच डोळ्यांत भरते. मग कोणी दुकानातून टायर पॉलिशची बाटली आणतो, कोणी खोबरेल तेलाचा बोळा फिरवतो, कोणी इंजिनातून काढलेले जुने ऑइल किंवा डिझेल फडक्यावर घेतो. घटकाभरात टायर काळेभोर होतात, चाकाखाली लिंबे ठेवून गाडी पुढे घेतली जाते आणि सगळ्यांचे समाधान होते.

पृष्ठभागावर आणलेल्या या काळेपणाचा टायरच्या प्रकृतीशी कितपत संबंध असतो, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. ते पाहण्यासाठी टायर मुळात काळा का असतो, येथून सुरुवात करावी लागते.

रबराचा स्वतःचा रंग काळा नाही. झाडाला खाच पाडल्यावर पाझरणारा चीक दुधासारखा पांढरा असतो. केरळात कोट्टयमच्या परिसरात दोरीवर वाळत घातलेल्या रबराच्या चादरी पांढुरक्या दिसतात आणि धुरी दिल्यावर त्यांना मधासारखा पिंगट रंग येतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर तयार केला. पण त्यानंतरही बरीच वर्षे टायर फिकट रंगाचेच होते. रबरात मिसळलेल्या जस्ताच्या भस्मामुळे ते पांढुरके किंवा राखी दिसत. मिशेलिन या फ्रेंच कंपनीचे बोधचिन्ह असलेला टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत मनुष्य १८९८ मध्ये भित्तिपत्रकावर प्रथम दिसला. तो आजही पांढरा आहे याचे कारण हेच. त्या काळच्या टायरचा रंग तो अंगावर वागवीत आहे.

लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील एका रबर कारखान्यात १९०४ साली एस. सी. मोट यांना असे आढळले, की अतिसूक्ष्म काजळी मिसळली असता रबराची मजबुती पुष्कळ वाढते. ही काजळी म्हणजे तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून मिळवलेला जवळजवळ शुद्ध कार्बन. पुढील दशकात टायरच्या कारखान्यांनी ती स्वीकारली आणि झिजेला तोंड देण्याची टायरची शक्ती कित्येक पटींनी वाढली. आजच्या टायरच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा ही काजळीच असते. तिचा आणखी एक गुण पॉलिशच्या विषयाशी थेट संबंधित आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रबराची साखळी तोडू शकतात. काजळी ते किरण पृष्ठभागाशीच शोषून घेते. म्हणजे टायरचा काळेपणा हा वरून दिलेला रंग नाही. टायर कोठेही कापला तरी तो आत तितकाच काळा निघतो, आणि उन्हापासून होणारे त्याचे बरेचसे रक्षण या काळेपणातूनच होते. पॉलिशच्या बाटलीवर अतिनील किरणांपासून संरक्षणाचे जे आश्वासन छापलेले असते, ते या दृष्टीने वाचावे. ज्या वस्तूच्या रोमारोमात काजळी भिनलेली आहे, तिच्यावर पसरलेला पारदर्शक द्रवाचा पापुद्रा त्या कामात फारशी भर घालू शकत नाही.

टायरचा मोठा शत्रू दुसराच आहे: ओझोन वायू. वातावरणाच्या वरच्या थरात तो जीवसृष्टीचा रक्षक असला, तरी जमिनीलगत तो वाहनांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो आणि रबराला मारक ठरतो. गाडीच्या नळीतून निघालेल्या धुरानेच तिच्या टायरचे आयुष्य घटावे, हा योग चमत्कारिक खरा. रबराच्या लांब रेणूंमध्ये काही जोड दुहेरी असतात. ओझोन नेमका तेथेच घाव घालतो. हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे थोडेसे भाग असले, तरी ताणलेल्या रबराला भेगा पडण्यास ते पुरतात.

ताणलेल्या, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कागद बांधण्याचे साधे रबर बँड घेऊन याची प्रचीती घरी पाहता येते. एक बँड खिडकीबाहेर दोन खिळ्यांमध्ये ताणून ठेवावा आणि तशाच दुसऱ्या बँडला ताण न देता त्याच्याशेजारी टांगावे. काही दिवसांत ताणलेल्या बँडवर बारीक भेगा दिसू लागतात, आणि त्या ताणाच्या दिशेला नेहमी आडव्या असतात. सैल बँडवर तशा भेगा पडत नाहीत. मोटारीच्या टायरची बाजू गाडीच्या भाराने सतत फुगलेली, वाकलेली असते. म्हणून जुन्या टायरवरील भेगांचे जाळे बहुधा बाजूच्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी प्रथम उमटते.

कारखानदारांनी यावर दोन उपाय योजले आहेत आणि ते दोन्ही टायरच्या पोटातच भरलेले असतात. एक म्हणजे विशिष्ट प्रकारचे मेण. ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते आणि तेथे पातळ पडदा धरते. उभ्या गाडीच्या टायरवर हा पडदा शाबूत राहतो. पण गाडी धावू लागली, की रबर वाकते आणि मेणाचा पडदा तडकतो. त्यासाठी दुसरा उपाय म्हणजे ओझोनशी रबरापेक्षा लवकर संयोग पावणारी रसायने. त्यांपैकी सर्वांत अधिक वापरले जाणारे रसायन ६पीपीडी या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. तेही आतून बाहेर येत राहते, ओझोनचा मारा स्वतःवर घेते आणि त्या खटाटोपात तपकिरी होते. पूजेच्या सकाळी टायरच्या बाजूवर जो तांबूस-तपकिरी थर दिसतो, त्यात रस्त्याची धूळ असतेच. पण पुष्कळसा भाग या खर्ची पडलेल्या रसायनाचा आणि मेणाचा असतो. तो दिसायला वाईट असला, तरी टायरची अंगची व्यवस्था चालू असल्याची ती खूण आहे.

या व्यवस्थेलाही किंमत आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरचा मळ ओढ्यांत उतरला, की कोहो जातीचे सामन मासे मोठ्या संख्येने मरत. ६पीपीडीचा ओझोनशी संयोग होऊन बनणारे एक द्रव्य त्याला कारण आहे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. पर्यायी रसायनांचा शोध त्यानंतर जोराने सुरू झाला.

आता पॉलिशकडे वळता येईल. कोरडा टायर करडा का दिसतो, हे शहाबादी फरशीवरून सहज ध्यानात येते. वाळलेली फरशी राखी दिसते आणि पाणी पडताच काळीभोर होते. फरशीचा रंग बदललेला नसतो. तिच्या खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून ती फिकी वाटते. पाण्याने बारीक खड्डे भरले, की विखुरणे कमी होते आणि मूळचा गडद रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. टायर पॉलिश हेच करते. फरक इतकाच, की पाणी उडून जाते आणि पॉलिशमधील तेलकट द्रव्य काही दिवस टिकते.

ही द्रव्ये ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात सिलिकोन तेल खनिज तेलापासून काढलेल्या विद्रावकात विरघळवलेले असते. ते पातळ, पारदर्शक आणि उग्र वासाचे असते. चकाकी भरपूर देते आणि पावसात टिकते. दुसऱ्या प्रकारात सिलिकोनचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले असतात. ते दुधी दिसते, वास सौम्य असतो आणि चकाकी कमी पडते. सिलिकोन स्वतः रबरात फारसे मुरत नाही. शंका आहे ती पहिल्या प्रकारातील विद्रावकाबद्दल. खनिज तेलाच्या जातीचे द्रव रबरात शिरतात, त्याला फुगवतात आणि आतील मेण व संरक्षक द्रव्ये विरघळवून बाहेर आणतात. एखाद्या वेळच्या वापराने टायर बिघडत नाही, परंतु आठवड्याला एकदा याप्रमाणे वर्षानुवर्षे ते चोळणे शहाणपणाचे नव्हे. टायरचे उत्पादक सामान्यतः साधा साबण आणि पाणी एवढ्यावरच भर देतात, तो याच कारणाने. निवड करायचीच असेल, तर पाण्यातील दुधी पॉलिश घ्यावे.

डिझेल, रॉकेल आणि जुने ऑइल यांना मात्र टायरच्या जवळ येऊ देऊ नये. ही तेले थेट रबरात मुरतात. शिवाय जुन्या ऑइलमध्ये इंजिनाची जळालेली घाण आणि धातूचा चुरा असतो. ते लावणाऱ्याच्या हातालाही अपायकारक आणि अंगणातल्या मातीलाही. खोबरेल तेल इतके जहाल नाही, पण ते धुळीला धरून ठेवते आणि पुढे खवट होते. घरगुती पदार्थांत त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन. ते रबरात मुरत नाही आणि समभाग पाणी घालून लावले असता सौम्य काळेपणा येतो. पहिल्या पावसात ते संपूर्ण धुऊन जाते, आणि हवेतील ओल खेचून घेत असल्याने त्यावर धूळही बसते. पण पूजेच्या दिवसापुरते त्याचे काम ते करते.

लावण्याच्या कृतीत नव्वद टक्के काम धुण्याचे आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. मळावर लावलेले पॉलिश मळालाच चिकटते आणि त्याच्याबरोबर निघून येते. गाडी सावलीत उभी करावी आणि टायर हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या रबरावर साबण आणि पॉलिश दोन्ही लगेच सुकून डाग धरतात. चाकांसाठी बादली आणि फडके वेगळे ठेवावे, कारण ब्रेकच्या घासणीतून पडलेली लोखंडाची भुकटी त्या पाण्यात असते आणि तेच फडके पुढे पत्र्यावर फिरवले, तर रंगावर चरे पडतात. मऊ साबणाचे पाणी आणि ताठ केसांचा, परंतु तारांचा नव्हे असा ब्रश घेऊन टायरची बाजू गोलाकार घासावी. पहिला फेस चहासारखा तपकिरी निघतो. तो धुऊन पुन्हा घासावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर फेस पांढरा राहू लागतो; तोवर पुढे जाऊ नये. नंतर फडक्याने पुसून टायर पूर्ण वाळू द्यावा. उमटलेल्या अक्षरांच्या कोपऱ्यांत पाणी साचून राहते, तेथे विशेष पाहावे.

पॉलिश टायरवर ओतू नये आणि शक्यतो फवारूही नये. स्पंजच्या तुकड्यावर थोडेसे घ्यावे. एका टायरला दोन-तीन चहाचे चमचे पुष्कळ झाले. कडेपासून आतल्या बाजूकडे पातळ हात फिरवावा आणि अक्षरांच्या भोवती स्पंज दाबून न्यावा. जमिनीला टेकलेला भाग सुटतो, म्हणून गाडी अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे घेऊन उरलेले काम पुरे करावे. दहा-पंधरा मिनिटे थांबून कोरड्या फडक्याने सगळे टायर पुन्हा पुसावेत. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि तिच्याचवर सारे अवलंबून असते. न मुरलेले जास्तीचे द्रव्य चाक फिरू लागताच सुटते आणि मडगार्डवर व दरवाजांवर तपकिरी ठिपक्यांची रांग उमटते. पुसल्यावर आरशासारखी चकाकी राहत नाही, केवळ नव्या टायरसारखा मंद काळेपणा उरतो. नवा टायर दुकानातून येतो, तेव्हा तो असाच दिसत असतो. चकचकीत टायर ही नंतरची हौस आहे.

दोन जागी मात्र पॉलिश चुकूनही जाता कामा नये. पहिली जागा म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा पट्टा. टायरची पकड रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर चालते आणि सिलिकोन हे घर्षण कमी करणारेच द्रव्य आहे. पहिल्या काही वळणांवर आणि पहिल्या ब्रेकला त्याची प्रचीती येते. नक्षी काळी करून देणाऱ्या हौशी कामगाराला मालकाने तेथल्या तेथे थांबवावे. दुचाकीच्या टायरला तर पॉलिश अजिबात लावू नये. वळताना मोटारसायकल कलते आणि टायरच्या ज्या खांद्यावर हौसेने पॉलिश चोळलेले असते, त्याच खांद्यावर ती तोललेली असते. दुसरी जागा ब्रेकची तबकडी. फवाऱ्याचा डबा वापरला, तर चाकाच्या आऱ्यांमधून बारीक तुषार सहज तबकडीवर जाऊन बसतात आणि ब्रेक निसटता लागतो. म्हणून घरी स्पंजच बरा.

एवढी मेहनत केल्यावर टायर सुंदर दिसतो. तो सुरक्षित झाला का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर पॉलिशमध्ये नाही. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. सरळ, रुंद आणि काँक्रीटच्या या रस्त्यावर वाहने तासन्‌तास एकाच भरधाव वेगाने धावू लागली आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा सुरू झाली. २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवण्यास आरंभ केला. वैदर्भी उन्हाळ्यात तापलेला रस्ता, कमी हवेमुळे अधिक वाकणारा आणि त्यामुळे आणखी तापणारा टायर, आणि त्यात वयाने कडक झालेले रबर, हा मेळ घातक असतो. टायरची बाजू काळीभोर आहे की करडी, याला त्यात काहीही स्थान नाही.

धुण्याच्या निमित्ताने माणूस टायरजवळ उकिडवा बसतो, ही संधी मात्र मोलाची आहे. साबण धुऊन निघाल्यावर आणि पॉलिश लावण्यापूर्वीची दहा मिनिटे तपासणीला द्यावीत. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर खोली उरली असे समजावे. मोटारीसाठी भारतीय नियमांनी घालून दिलेली मर्यादाही हीच आहे. पावसाळ्यात त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलणे इष्ट, कारण उथळ खाचांतून पाणी वेळेवर बाहेर पडत नाही. टायर गोटा होईपर्यंत वापरणारा मालक थोडे पैसे वाचवतो आणि पुष्कळ काही पणाला लावतो. त्यानंतर बाजूवरील चार अंकांचा आकडा शोधावा. पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात; २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी तो काढून टाकावा, अशी शिफारस कित्येक उत्पादक करतात. कमी चालणाऱ्या, दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीला ही गोष्ट विशेष लागू पडते. तिची नक्षी नव्यासारखी राहते आणि रबर मात्र म्हातारे होत असते.

जुनी गाडी विकत घेताना पॉलिशचा दुसरा उपयोग समोर येतो. विक्रेत्याने टायर चकचकीत केलेले असतात आणि बारीक भेगा त्या द्रव्याने भरून जाऊन दिसेनाशा होतात. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. विकायची वस्तू नीटनेटकी ठेवणे हा व्यवहारच आहे. तरीही घेणाऱ्याने साबणाचे ओले फडके जवळ ठेवावे आणि टायरची हातभर बाजू पुसून पाहावी. तेही शक्य नसेल, तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू पाहावी आणि मागच्या चाकांसाठी गाडीखाली डोकावावे. त्या बाजूला पॉलिशचा हात सहसा पोहोचत नाही. टायर जसा आहे तसा, तपकिरी थरासकट आणि असतील तर भेगांसकट, तेथे दिसतो.